प्लूटोच्या बाजूनं बोलायचंय? मग आधी ‘ग्रह’ या शब्दाकडे बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही ऐरोलीला राहता, लेक सातवीत आहे. शाळेच्या वादविवाद स्पर्धेला विषय आलाय ‘प्लूटोला ग्रह म्हणावं की नाही’, आणि चिठ्ठी उचलल्यावर तिच्या वाट्याला ‘म्हणावं’ ही बाजू आली. पुस्तकात ग्रह आठ, आजोबा म्हणतात नवग्रह म्हणजे नऊच. लेकीला वाटतंय की आपली बाजू आधीच हरलेली आहे. या बाजूनं बोलण्यासारखं खरंच काही आहे का, आणि ग्रह कशाला म्हणायचं हे ठरवतं कोण, असं तुम्ही विचारलंय. सोबत तिच्या भाषणाचा कच्चा मसुदाही पाठवलाय.

बोलण्यासारखं भरपूर आहे. मी गेली अठ्ठावीस वर्षं ठाण्यात गच्च्यांवर, शाळांच्या मैदानांत आणि हिवाळ्यात वांगणीच्या माळावर मुलांना आकाश दाखवतेय. रात्रभर दुर्बिणीपाशी उभं राहून पहाटेच्या पहिल्या लोकलनं परतताना मुलं ज्या प्रश्नावरून सगळ्यात जास्त भांडतात तो हाच. माझं स्वतःचं मत तुमच्या लेकीच्या बाजूचं नाही, ते पुढे सांगेनच. पण तिच्या हातात चांगली शस्त्रं आहेत आणि तिनं मसुद्यात ती वापरलेलीच नाहीत.

आजोबांपासून सुरुवात करते, कारण ते ज्या नऊबद्दल बोलतात ते नऊ आणि आपण शाळेत पाठ केलेले नऊ यांचा एकमेकांशी संबंध नाही. नवग्रहांत रवी आहे, सोम आहे, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आहेत आणि राहू-केतू आहेत. त्यात पृथ्वी नाही. राहू आणि केतू हे गोळेच नव्हेत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदतो ते दोन बिंदू म्हणजे राहू-केतू. ग्रहणाचं गणित त्यांच्याशिवाय होत नाही, म्हणून त्यांना मान. ‘ग्रह’ हा शब्द ‘पकडणे, धरणे’ या अर्थाच्या धातूवरून आलाय. आग्रह, संग्रह, पूर्वग्रह ही सगळी त्याच घरातली भावंडं. म्हणजे आपल्या परंपरेत ग्रह म्हणजे माणसाला धरणारा, त्याच्यावर प्रभाव टाकणारा. त्या व्याख्येत राहू अगदी चपखल बसतो. ग्रीकांच्या शब्दाचा अर्थ होता ‘भटक्या’. स्थिर ताऱ्यांमधून जो सरकतो तो. त्या व्याख्येत सूर्य आणि चंद्रही ग्रहच होते. दोन्ही व्याख्या आपापल्या कामापुरत्या बरोबर होत्या. आजोबांना चूक ठरवू नका. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, म्हणून त्यांचं उत्तर वेगळं आहे.

लेकीला पहिला भक्कम मुद्दा इथेच मिळतो. ‘ग्रह’ या शब्दाचा अर्थ पूर्वीही बदललाय, आणि तोही एकदाच नव्हे. 1543 मध्ये कोपर्निकसचं पुस्तक आलं, त्याची मांडणी हळूहळू मान्य झाली, आणि सूर्य-चंद्र यादीतून गेले, पृथ्वी यादीत आली. याहून मोठी उलथापालथ कुठली? 1610 मध्ये गॅलिलिओनं गुरूभोवती फिरणारे चार ठिपके पाहिले, आणि तो त्यांना ग्रहच म्हणत होता. उपवन तलावाच्या काठावर दुर्बीण लावली की आजही मुलं ते चार ठिपके बघून हेच विचारतात, “हे पण ग्रह का?” प्रश्न अजिबात बावळट नाही. त्या चारांतला गॅनिमीड 5,268 किलोमीटर व्यासाचा आहे आणि बुध 4,879. उपग्रह ग्रहापेक्षा मोठा!

मग सीरीसची गोष्ट. ती तिला पक्की ठाऊक असायलाच हवी, पण वापरायची जपून, कारण ती दोन्हीकडून कापते. 1 जानेवारी 1801 ला पियाझी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एक नवा गोळा सापडला. जगानं त्याला ग्रह म्हटलं. 1802 ला पॅलास, 1804 ला जुनो, 1807 ला वेस्टा. हे चारही ग्रह म्हणूनच पुस्तकांत छापले जात. पुढे 1845 पासून त्याच पट्ट्यात एकामागून एक नवे सापडू लागले, आणि पाच-सहा वर्षांत संख्या पंधराच्या घरात गेली. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हे सुटे सुटे ग्रह नसून एक घोळका आहे. त्यांना लघुग्रह म्हणायची पद्धत पडत गेली. त्यासाठी कुणी मतदान घेतलं नाही.

आता प्लूटोची कहाणी याच्या शेजारी ठेवा. युरेनसची, आपल्याकडे पत्रिकेत ज्याला हर्षल म्हणतात त्याची, चाल गणिताशी थोडी जुळत नाही, म्हणून पलीकडे कुणीतरी मोठा ग्रह ओढत असणार, असा पर्सिव्हल लॉवेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाचा कयास होता. त्याच्या वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ या तरुणाला 18 फेब्रुवारी 1930 ला प्लूटो सापडला. नाव सुचवलं व्हेनिशिया बर्नी या ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या मुलीनं. तुमच्या लेकीपेक्षा लहान. सुरुवातीला वाटलं, पृथ्वीएवढा तरी असेल. मग अंदाज दर काही वर्षांनी आक्रसत गेला. 1978 मध्ये प्लूटोचा उपग्रह शॅरन सापडला, त्याच्या फिरण्यावरून वजन नेमकं काढता आलं, आणि कळलं की प्लूटो पृथ्वीच्या सुमारे साडेचारशेव्या भागाएवढाच आहे. आपल्या चंद्राच्याही साधारण एक षष्ठांश. एवढुसा गोळा युरेनसला काय ओढणार? पुढे व्हॉयेजर-2 हे यान 1989 मध्ये नेपच्यूनजवळून गेलं, नेपच्यूनचं वजन अचूक कळलं, आणि ते गणितात घातल्यावर युरेनसच्या चालीतली ती गडबडच नाहीशी झाली. ज्या कारणासाठी शोध सुरू झाला ते कारणच नव्हतं. तरी टॉम्बॉनं चिकाटीनं आकाश चाळलं म्हणून प्लूटो हाती लागला. मला हा भाग फार आवडतो.

1992 मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना प्लूटोच्या पलीकडच्या भागात आणखी एक छोटा गोळा दिसला. मग दुसरा, दहावा, शंभरावा. क्यूपर पट्टा म्हणतात तो हाच. 2005 मध्ये माइक ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरिस हा नवा गोळा जाहीर केला. आज आपल्याला ठाऊक आहे की एरिस व्यासानं प्लूटोपेक्षा किंचित लहान, पण वजनानं सुमारे 27 टक्के जास्त आहे. आता पर्याय दोनच उरले: एरिसला दहावा ग्रह म्हणा, आणि मागून येतील त्यांनाही घ्या, नाहीतर प्लूटोचा पुन्हा विचार करा.

ऑगस्ट 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची बैठक प्रागमध्ये भरली. पहिला मसुदा आला त्यात ग्रह बारा होत होते: सीरीस, शॅरन आणि एरिस हे तीन नवे, प्लूटो कायम. त्यावर आठवडाभर वादळ झालं. 24 ऑगस्टला 424 जणांनी पिवळी कार्डं वर करून जो ठराव केला त्यात ग्रहाला तीन अटी लागल्या. त्यानं सूर्याभोवती फिरावं. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं तो जवळपास गोल झालेला असावा. आणि त्यानं आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. पहिल्या दोन अटी पुऱ्या करून तिसरीत जो अडतो आणि उपग्रह नाही, तो बटुग्रह. प्लूटो तिसऱ्या अटीत अडला.

तो दिवस मला नीट आठवतो, कारण गणपती तीन दिवसांवर होते. आमच्या सोसायटीतल्या मुलांनी मखरासाठी सूर्यमाला केली होती, थर्माकोलचे नऊ चेंडू रंगवून तारेला लावलेले. शुक्रवारी पेपर वाचून पोरं जिने चढत माझ्याकडे आली, “नववा काढायचा का?” मी म्हटलं, राहू दे, पण त्याच्यासारखे आणखी चार-पाच बारके करून शेजारी लावा. त्यांनी रात्रीत साबुदाण्याएवढे कितीतरी लावले. आज विचार कराल तर त्या पोरांचा देखावा पुस्तकातल्या चित्रापेक्षा खरा होता.

लेकीच्या मसुद्यात दोन वाक्यं चुकीची आहेत, ती आधी काढा, नाहीतर समोरचा गट तिथेच पकडेल. ‘प्लूटो लहान म्हणून त्याला काढलं.’ नाही. तिन्ही अटींत आकाराचा आकडा कुठेही नाही. दुसरं, ‘प्लूटोची कक्षा नेपच्यूनच्या कक्षेला कापते, म्हणून परिसर मोकळा नाही.’ हे तर शिक्षकही सांगतात, तरी ते चूक आहे. 1979 ते 1999 या काळात प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, हे खरं. पण त्याची कक्षा 17 अंशांनी कललेली आहे, त्यामुळे कागदावर रेषा एकमेकींना छेदताना दिसल्या तरी अवकाशात एक वरून जाते, एक खालून. शिवाय वेळापत्रक असं पक्कं बसलंय की नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोबर दोन. ठाणे स्टेशनाच्या अलीकडे दोन गाड्या एकाच सांध्यावरून जाणार असल्या तरी वेळा अशा बांधलेल्या असतात की त्या कधी समोरासमोर येत नाहीत, तसं. फरक एवढाच की हे वेळापत्रक नेपच्यूनच्या गुरुत्वाकर्षणानं घालून दिलंय. प्लूटो ते पाळतो. तिसऱ्या अटीचा खरा अर्थ हा आहे.

‘परिसर मोकळा’ हे शब्दच दिशाभूल करतात. झाडून स्वच्छ असा अर्थ घेतला तर गुरूही नापास होईल, कारण त्याच्या कक्षेत त्याच्या पुढे-मागे साठ अंशांवर ट्रोजन लघुग्रहांचे दोन मोठे थवे आहेत, हजारोंच्या संख्येनं. पण ते तिथे आहेत ते गुरूच्या गुरुत्वाकर्षणामुळेच. अटीचा अर्थ वर्चस्व असा घ्यायला हवा. त्या कक्षेत कुणाची सत्ता चालते? स्टीव्हन सोटर यांनी 2006 मध्ये साधा हिशोब मांडला: गोळ्याचं वजन भागिले त्याच्या कक्षेच्या पट्ट्यातल्या बाकी सगळ्याचं वजन. पृथ्वीसाठी उत्तर येतं सुमारे 17 लाख. आठांत सर्वांत कमी नेपच्यूनचं, तरी ते 24 हजारांच्या आसपास. आणि प्लूटोचं? साधारण 0.08. सीरीसचं 0.33. चोवीस हजार आणि एकापेक्षा कमी, यांच्यामध्ये कुणीच नाही. हा आकड्यांचा खड्डा कुठल्या समितीनं खणलेला नाही, तो सूर्यमालेतच आहे. मी आठाच्या बाजूची आहे ती या एका कारणासाठी. भावनेला माझ्याकडेही जागा आहे, मीही लहानपणी नऊच पाठ केले, पण या खड्ड्याकडे डोळेझाक करता येत नाही.

आता तिच्या बाजूची शस्त्रं.

सर्वांत धारदार म्हणजे पहिलीच अट. ‘सूर्याभोवती.’ 1995 मध्ये मायर आणि केलोझ यांनी 51 पेगासी या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधला, 2019 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. असे परग्रह आज पाच हजारांच्या वर माहीत आहेत. प्रागच्या व्याख्येत शब्दशः त्यांतला एकही ग्रह नाही! त्यांच्यासाठी संघाला वेगळी कामचलाऊ व्याख्या ठेवावी लागते. ही त्रुटी इतकी उघडी आहे की 2024 मध्ये ज्यां-ल्यूक मार्गो आणि सहकाऱ्यांनी व्याख्या फक्त वजनाच्या आकड्यांवर बांधायचा प्रस्ताव मांडला, कुठल्याही ताऱ्याला लागू होईल असा. त्यातही प्लूटो बाहेरच राहतो, हे समोरचा गट म्हणेल. पण ‘सध्याची व्याख्या अंतिम नाही’ हा मुद्दा तिच्या पदरात पडतो.

दुसरं शस्त्र: तिसरी अट गोळ्याबद्दल काही सांगतच नाही, त्याच्या पत्त्याबद्दल सांगते. सूर्यापासून जितकं लांब जावं तितकी कक्षा लांब, फेरा संथ, आणि वर्चस्व गाजवायला लागणारं वजन जास्त. म्हणजे तोच दगड, तेच बर्फ, तेच पर्वत, जवळ असले तर ग्रह आणि दूर नेले तर नाही. भूविज्ञानाच्या अंगानं ग्रह अभ्यासणाऱ्यांना हे पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण कळतं. 14 जुलै 2015 ला न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेलं. त्यावर टॉम्बॉच्या अस्थींचा अंशही होता. तोवर आम्ही एक धूसर ठिपका पाहत होतो. त्या दिवशी पाण्याच्या बर्फाचे पर्वत दिसले, नायट्रोजनच्या बर्फाचं अफाट मैदान दिसलं, निळसर धुक्याचे थर दिसले. मैदानावर उल्कापाताचे खड्डेच सापडेनात, म्हणजे तो पृष्ठभाग आजही बदलतोय. या मोहिमेचे प्रमुख ॲलन स्टर्न प्रागचा निर्णय आजही मानत नाहीत. त्यांची व्याख्या सोपी: जो गोल होण्याइतका जड आहे पण तारा नाही, तो ग्रह. ही व्याख्या घेतली तर आपला चंद्र, गॅनिमीड, शनीचा उपग्रह टायटन सगळेच आत येतात आणि संख्या शंभराच्या पुढे जाते. ‘इतके पाठ कोण करणार?’ असं समोरून येईल, तेव्हा तिनं शांतपणे म्हणावं की मूलद्रव्यंही शंभराच्या वर आहेत, पाठांतराच्या सोयीसाठी कुणी ती कमी करत नाही.

तिसरं शस्त्र भाषेचं, आणि मराठीत ते फार छान चालतं. बटुवामन हा वामनच, बटाट्याची छोटी फोड ही फोडच, मग बटुग्रह ग्रह का नाही? प्रागमध्येही हा वाद झाला होता. ‘ग्रह’ या एका छत्रीखाली मोठे आठ आणि बटुग्रह असे दोघेही घ्यावेत, असा एक ठराव होता, आणि जोसलिन बेल बर्नेल या खगोलशास्त्रज्ञांनी व्यासपीठावर खरोखरची छत्री उघडून तो समजावला. ठराव पडला. माझ्या मते तो पडला ही त्या दिवशीची चूक. छत्री राहिली असती तर आठ वेगळे दाखवता आले असते आणि प्लूटोला ग्रह म्हणायलाही कुणाची हरकत नव्हती.

‘विज्ञानात मतदान कसलं?’ हा मुद्दा तिनं मसुद्यात खूप ताणलाय. थोडा आवरा. प्लूटोचा व्यास 2,377 किलोमीटर आहे यावर कुणी मत दिलं नाही, देऊही शकत नाही. मत पडलं ते नावावर. आपल्या ठाण्याचंच बघा. तलावांचं शहर म्हणतो, पण तलाव किती, असं विचारलं की जितकी तोंडं तितके आकडे. मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी यांच्याबद्दल वाद नाही. पण उन्हाळ्यात आटणारं, काठ न बांधलेलं पाणी तलाव की डबकं? मासे धरणारा एक सांगेल, विसर्जनाची सोय बघणारा दुसरं, भूजलाचा अभ्यास करणारा तिसरं. पाणी तेवढंच असतं. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हाही डहाणूचा समुद्र जागचा हलला नाही, पण दाखले काढायला कुठे जायचं हे बदललं. नावांचे निर्णय माणसांनीच घ्यायचे असतात आणि कुठेतरी बसून हात वर करूनच घ्यावे लागतात. 424 ही संख्या हजारो सदस्यांच्या संघासाठी तुटपुंजी होती, ही तक्रार मात्र रास्त आहे, तेवढी ठेवा.

भाषणाचा क्रम मी असा लावला असता: सुरुवात व्हेनिशिया बर्नीनं, मग शब्दाचा अर्थ किती वेळा बदलला ते, मग ‘सूर्याभोवती’ या अटीचा पोकळपणा, मग 2015 चे फोटो, आणि शेवटी छत्री. सीरीसचं नाव स्वतःहून काढू नये. समोरून आलं तर म्हणावं, सीरीसही गोल आहे, तिलाही छत्रीखाली घ्या. सोटर यांचा हिशोब समोरच्या गटानं आणला तर त्याला खोटं म्हणू नये, कारण तो खोटा नाही. ‘आठ वेगळे आहेत हे मान्य, पण वेगळे म्हणजे एकटेच ग्रह, हे कुठून आलं?’ एवढंच विचारावं. परीक्षक जाणकार असतील तर या एका प्रश्नावर थांबतील.

तुम्ही शेवटी विचारलंत की ठाण्यातून प्लूटो बघता येईल का. शहरातून नाही. तो चौदाव्या प्रतीच्या आसपास आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका ठिपका अंधुक), त्याला निदान दहा-बारा इंची दुर्बीण आणि खरा अंधार लागतो. तो उत्तम दिसतो ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा आपल्याकडे पाऊस. मी तो पहिल्यांदा पाहिला तो मे महिन्यातल्या एका अमावास्येला, मुरबाडच्या पुढे, रात्री दोनच्या सुमारास. तेव्हा तो धनू राशीत होता, आकाशगंगेच्या गर्दीत, आणि कुठला ठिपका प्लूटो हे ठरवायला तास लागला. आता तो मकरेत सरकलाय, तिथे गर्दी कमी आहे. दिवाळीनंतरची अमावास्या धरा, तोवर फटाक्यांचा धूरही बसलेला असतो. अंधार पडला की तो नैर्ऋत्येला असतो. लेकीला वही आणि पेन्सिल द्या. दुर्बिणीत दिसतील तेवढे सगळे ठिपके तिनं काढायचे, त्यांतला प्लूटो कुठला हे मी सांगणार नाही. आठवडाभरानं त्याच जागी पुन्हा जायचं आणि पुन्हा काढायचे. टॉम्बॉनं 23 आणि 29 जानेवारी 1930 च्या फोटोंच्या काचा अशाच एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या. दोन चित्रांत जो एक ठिपका सरकलेला असेल, त्याच्यावर तिनं गोल करावा.